तुळजापूरच्या घाटात काटा वर जातो: एका जुन्या क्वालिसची तपासणी

गाडी २००३ सालची टोयोटा क्वालिस. इंजिन टू-एल, २४४६ सीसी, टर्बो नाही, कॉमन रेल नाही, डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल. तक्रार अशी होती: सोलापूर शहरात तापमानाचा काटा मध्याच्या खालीच राहतो, तुळजापूर रोडला तामलवाडीपर्यंत मध्यावर येतो, आणि पुढे घाटात, एसी चालू आणि गाडी माणसांनी भरलेली असली, की लाल पट्टीला टेकायचा तेवढा बाकी राहतो. वाफ नाही, पाणी सांडत नाही. घाट संपला की काटा आपोआप खाली. म्हणजे गाडी उकळत नाही, नुसती गरम चालते. उकळणाऱ्या गाडीपेक्षा अशा गाडीचं निदान अवघड, कारण फुटलेलं किंवा गळणारं काहीच समोर दिसत नाही. मग आधी थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप), मग वॉटर पंप, मग फॅन असे पार्ट बदलत जायचं आणि शेवटी इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवायचं, असा प्रकार नेहमी होतो. तो टाळायचा असेल तर पान्हा हातात घेण्याआधी गाडी कधी तापते आणि कधी तापत नाही हे नीट लिहून काढावं.

डिझेल इंजिन न्यूट्रलला उभं असताना फार थोडं इंधन जाळतं, त्यामुळे उष्णताही थोडीच तयार होते. एसी बंद ठेवून उभी असलेली डिझेल गाडी तापत असेल तर दोष मोठा असतो आणि बहुतेक वेळा तो फॅनकडचा असतो. ताशी साठच्या पुढे समोरून येणारी हवाच पुरेशी होते, तिथे फॅनचं काम नगण्य. म्हणून नवी पेठेच्या गर्दीत तापणारी आणि पुणे हायवेला लागली की गार होणारी गाडी असेल तर हवेची बाजू बघायची: फॅन, त्याचं श्राउड (भोवतीचं आवरण), एसीच्या कंडेन्सरची जाळी. शहरात ठीक आणि लोड आला की गरम, तर पाण्याची बाजू: रेडिएटरच्या (इंजिनचं पाणी हवेवर गार करणाऱ्या जाळीच्या) नळ्या, पंप, थर्मोस्टॅट, खालचा होज (रबरी नळी). दोन्हीकडे तापत असेल तर पाण्याची पातळी, रेडिएटरची कॅप आणि हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील). घाट मात्र मधला प्रकार आहे. लोड पूर्ण आणि वेग तीस-चाळीस, त्यामुळे तिथे फॅनही निर्दोष ठरत नाही.

या गाडीत आणखी एक खूण होती, आणि ती तक्रारीत कुणी सांगत नाही. मे महिना, बाहेर ४२ अंश, आणि शहरात काटा मध्याच्या खाली! गाडी मस्त थंड चालते असं मालकाला वाटतं. थर्मोस्टॅट बसवलेल्या गाडीत पाणी ८० अंशांच्या खाली रेंगाळत नाही. काटा तिथे रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो किंवा जागेवरच नसतो.

पण आधी काट्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवलं. हेडलाइट लावले आणि काटा थोडा सरकला तर इंजिनची किंवा मीटरची अर्थिंग खराब. डिझेलचा काटाही सोबत वर-खाली होत असेल तर मीटरमागचा व्होल्टेज रेग्युलेटर संशयित, कारण जुन्या मीटरमध्ये बऱ्याचदा दोन्ही काट्यांना एकच रेग्युलेटर असतो. सेन्सरची वायर काढली की काटा तळाला गेला पाहिजे. तीच वायर ३.४ वॉटच्या छोट्या बल्बमधून अर्थला लावली की काटा वर सरकला पाहिजे. इथे दोन्ही बरोबर निघालं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंतची पट्टी काढून सँडपेपरने घासून परत बसवली, कारण एवढ्या जुन्या गाडीत तिथे गंज असतोच.

मग प्रत्यक्ष तापमान. बाजारात मिळणारी इन्फ्रारेड गन उपयोगाची आहे, पण चकचकीत ॲल्युमिनिअमवर ती खोटं, कमी तापमान दाखवते. मोजायच्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी आणि गन जवळ, वीतभर अंतरावर धरावी. लांबून धरली तर ती आजूबाजूच्या भागाची सरासरी दाखवते. चालत्या गाडीत गन चालणार नाही. त्यासाठी मल्टिमीटरची के-टाइप थर्मोकपलची (तापमान मोजणारी) वायर वरच्या होजच्या तोंडाशी, धातूच्या मानेवर टेपने बांधली, वरून स्पंजचा तुकडा ठेवून पट्टी ओढली, म्हणजे फॅनची हवा टोकाला लागत नाही. दुसरी तशीच खालच्या होजच्या मानेवर. दोन्ही वायरी बॉनेटच्या कडेने, फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवून, आत घेतल्या आणि शेजारी बसलेल्या माणसाने आकडे लिहिले.

दुपारी, एसी चालू, गाडी भरलेली. हिप्परगा तलावापाशी वर ८१, खाली ७०. तामलवाडीला ९०, खाली ७३. घाटात माथ्याजवळ वर १०५, खाली ७८. खरा पुरावा शेवटच्या जोडीत आहे. रेडिएटरमधून बाहेर येणारं पाणी चांगलं थंड होऊन येतंय, २७ अंशांनी. म्हणजे हवा पोचते आहे. वर-खाली फरक फारच कमी, दोन-चार अंशांचा, आणि इंजिन गरम, असं असतं तर हवा कमी पडतेय असं म्हटलं असतं. फरक एवढा मोठा असेल तर पाणी हळू वाहतंय किंवा पाण्याचा काही भाग रेडिएटरमधून जातच नाही.

आकडे असे दिसल्यावरही साध्या तपासण्या सोडायच्या नाहीत. एका गाडीत दोन-तीन दोष एकत्र असणं हा अपवाद नाही, जुन्या गाडीत तोच नियम आहे.

इंजिन पूर्ण गार असताना कॅप उघडली. गरम असताना कॅपला हातही लावायचा नाही, फडक्याने दाबूनही नाही. आतलं पाणी गढूळ तांबूस, कूलंटचा रंग कुठेच नाही, तोंडाच्या आतल्या कडेला पांढरी खरवड. हे बोअरचं पाणी. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात गाडीतही हाताशी असेल तेच पाणी पडतं, आणि इथलं बोअरचं पाणी जड. त्यातला विरघळलेला चुना गरम पृष्ठभागावर बसतो. आधी हेडच्या आत आणि मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये. पाणी कमी झालं की परत तेच ओतायचं, म्हणजे प्रत्येक वेळी नवा चुना. गाडी धूळ खात उभी असली तरी एवढं नुकसान होत नाही.

कॅप टेस्टरच्या हातपंपावर लावली. क्वालिसच्या कॅपवर ०.९ लिहिलेलं असतं, किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ती ०.७५ ते १.०५ च्या दरम्यान उघडली पाहिजे, ०.६ च्या खाली उघडली तर फेकून द्यायची. ही ०.५ लाच सुटत होती. याचा अर्थ काय? ०.९ च्या दाबाखाली साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, ०.५ ला ११० च्या आसपास. घाटात १०५ मोजले होते, म्हणजे पाच अंशांचंच अंतर राहिलं होतं. शिवाय हेडमध्ये एक्झॉस्ट पोर्टजवळ पाणी मानेपेक्षा जास्त गरम असतं, तिथे वाफेचे बुडबुडे आधीच धरायला लागतात आणि वाफ धातूची उष्णता नीट ओढत नाही. कॅपला मधोमध एक छोटा उलटा वॉल्व्हही असतो. तो अडकला तर गाडी गार होताना रेडिएटरशी जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही आणि सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो. नवी कॅप घेताना आकडा बघून घ्यावी. १.१ ची बसवली की गाडी सुधारते हा गैरसमज आहे. जास्तीचा दाब जुन्या होजवर आणि सोल्डरच्या जोडांवर येतो.

समोरची जाळी काढून कंडेन्सर पाहिला. वरून स्वच्छ, कारण सर्व्हिस सेंटरवर समोरून पाणी मारतात. घाण असते ती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची मळणी चालू असताना रस्त्यावर उडणारा कोंडा आणि भुसकट कंडेन्सरच्या पात्यांतून आत शिरतं आणि रेडिएटरच्या तोंडावर पातळ गादीसारखं बसतं. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत त्याच जागी सुताचं तूस सापडतं. कंडेन्सरचे वरचे बोल्ट सोडून, पाइप न ताणता, तो बोटभर पुढे ढकलला आणि इंजिनच्या बाजूकडून समोरच्या दिशेने साध्या पाइपने पाणी मारलं. प्रेशर वॉशर जवळून मारू नये, पाती आडवी होतात आणि मग हवेचा रस्ता कायमचा बंद. पाती वाकलेल्या जागी जुन्या टूथब्रशचा दांडा किंवा पातळ पट्टी चालते.

फॅनला व्हिस्कस कपलिंग आहे, म्हणजे आतल्या सिलिकॉन तेलाच्या जोरावर गरमीत फॅनला घट्ट धरणारा जोड. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ घोंघाट आणि मग आवाज बसणं, हे ठीक. गाडी चांगली तापवून, इंजिन बंद करून, चावी काढून घेऊन हाताने फॅन फिरवला तर तो जड लागला पाहिजे. गरम इंजिनवर तो सहज दोन-तीन फेरे मोकळा फिरला तर कपलिंग गेलं. कपलिंगच्या मध्यावरून धुळीचे ओले फराटे निघाले असतील तर सिलिकॉन तेल गळलंय. चालत्या फॅनमध्ये वर्तमानपत्राची गुंडाळी घालून बघण्याची एक पद्धत गॅरेजांत आहे. ती करू नये, एवढंच. इथलं कपलिंग चांगलं होतं, श्राउडही पूर्ण जागेवर. बेल्ट मात्र ढिले होते. अंगठ्याने जोरात दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर दबावेत, ते जवळपास दुप्पट दबत होते. ताणले. बेल्टचा खालचा भाग चकाकायला लागला असेल तर ताणण्यात अर्थ नाही, जोडी बदलावी.

आता थर्मोस्टॅट. हाऊसिंगचे बोल्ट सोडले आणि अपेक्षेप्रमाणे आत काहीच नव्हतं. कधीतरी कुणीतरी 'आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही' म्हणून काढून टाकलेला. हा सल्ला सोलापुरात अजून सर्रास दिला जातो. या इंजिनच्या थर्मोस्टॅटला वरच्या झडपेबरोबर खाली दुसरी चकती असते. गार असताना पाणी बायपासमधून (रेडिएटर टाळणाऱ्या वाटेने) इंजिनमध्येच फिरतं, आणि वरची झडप उघडत जाते तशी खालची चकती बायपास बंद करत जाते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग गरम पाण्याचा एक मोठा हिस्सा रेडिएटरला न जाता परत इंजिनमध्ये येतो. कमी लोडवर गाडी जास्त थंड आणि जास्त लोडवर जास्त गरम, ही दोन्ही लक्षणं एकाच कारणाची. शिवाय थंड चालणाऱ्या डिझेल इंजिनात सिलिंडर जास्त झिजतात आणि ॲव्हरेज पडतं.

नवा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा घेतला, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन, तळाला न टेकवता तारेने लटकवून, शेजारी थर्मामीटर धरून तापवला. ८० ते ८४ च्या दरम्यान हलायला लागला पाहिजे आणि ९५ ला निदान ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. नवा आहे म्हणून ही तपासणी टाळू नये, डब्यातून सदोष निघणारेही असतात. बसवताना त्याच्या कडेवरची हलती छोटी पिन वरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते.

थर्मोस्टॅट, कॅप, बेल्ट आणि साफ कंडेन्सर एवढ्यावर परत तोच रस्ता, तीच वेळ, तेवढाच भार. शहरात आता ८६, काटा बरोबर जागेवर. घाटात वर १००, खाली ७४. सुधारलं, पण २६ चा फरक तसाच. बायपास बंद झाला तरी पाणी हळूच वाहतंय. याच टप्प्यावर बरेच जण गाडी 'झाली' म्हणून देऊन टाकतात. डिसेंबरात ती चाललीही असती. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असतं. बाहेर २८ अंश असते तर तेच इंजिन चौदा-एक अंशांनी कमी तापलं असतं आणि थर्मोस्टॅटने ते ८५-८६ वर धरलं असतं. दोष तसाच दडून राहिला असता.

रेडिएटर उतरवण्याआधी हेड गॅस्केटचा संशय फेडून घेतला. गार इंजिनवर बेल्ट काढले, म्हणजे पंप फिरत नाही आणि पाणी ढवळत नाही. रेडिएटर तोंडापर्यंत भरून इंजिन मिनिटभरच चालवलं. तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. इथे पाणी शांत. दुसरी तपासणी निळ्या द्रावणाच्या टेस्टरने, ज्यात रेडिएटरच्या तोंडावरची हवा द्रावणातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग हिरवट-पिवळा पडतो. पेट्रोल गाडीसाठी ही खात्रीची, पण डिझेल इंजिन न्यूट्रलला फार कमी कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यामुळे नुसतं उभं करून घेतलेल्या 'रंग बदलला नाही'वर भरवसा नको. लोड देऊन आल्यावर, गाडी गार होऊन दाब उतरला की घ्यावी. फुकटची तपासणी अशी: आदल्या संध्याकाळी घाट करून आलेल्या गाडीचा वरचा होज सकाळी गार असताना दाबून बघायचा. तो अजून कडक असेल तर आत वायू भरलाय. मऊ होता.

इंजिनच जास्त उष्णता तयार करतंय का, तेही पाहिलं. एअर फिल्टर बरा, घाटात काळा धूर नाही, म्हणजे पंपाचा डिझेलचा स्क्रू कुणी वाढवलेला नाही. इंजेक्शनचं टायमिंग मागे पडलं तर ओढ कमी होते आणि गरमी वाढते, पण ओढ चांगली होती. चारही चाकांच्या मध्यावर गन धरली, एकही ब्रेक धरून बसलेला नव्हता.

मग रेडिएटर. पाणी सोडताना बादलीत धरून मोजावं. खालची चकली (पाणी सोडायचा स्क्रू) आणि ब्लॉकचा प्लग दोन्ही उघडूनही पुस्तकातल्या मापापेक्षा बरंच कमी निघालं तर उरलेली जागा गाळाने घेतलीय. ब्लॉकचा प्लग उघडल्यावर आधी काहीच आलं नाही. तारेने टोचल्यावर लाल चिखल आला. रेडिएटर बाहेर काढून उभा धरला, खालचं तोंड तळहाताने बंद केलं, वरून काठोकाठ भरला आणि हात सोडला. चांगल्या रेडिएटरमधून तोंड भरून लोंढा येतो. इथे आधी लोंढा आणि लगेच करंगळीएवढी धार. गरम असताना गनने जाळीवर ओळीने तापमान घेतलं असतं तर डाव्या बाजूला गार पट्टा दिसला असता. बंद नळ्यांच्या जागी जाळी गार राहते.

या गाडीला तांब्या-पितळेचा रेडिएटर होता, म्हणून दुरुस्ती शक्य झाली. प्लास्टिकच्या टाक्यांचा ॲल्युमिनिअमचा असता तर नवाच घ्यावा लागला असता. रेडिएटरवाल्याने वरची टाकी सोल्डर वितळवून काढली आणि नळ्यांत चपटी पोलादी पट्टी घालून रॉडिंग केलं. जवळपास एक तृतीयांश नळ्या बंद होत्या, बहुतेक एकाच बाजूच्या. रॉडिंग होताना समोर उभं राहावं. काही जण टाकी न काढता नुसतं ॲसिड फिरवून देतात, आणि पूर्ण बंद नळीत ॲसिड जातच नाही. काही जण गळकी नळी दोन्ही टोकांना सोल्डरने बुजवून टाकतात. एक-दोन चालतात, त्यापुढे रेडिएटर लहान झाला असं समजावं. टाकी परत बसवल्यावर पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब देऊन गळती पाहिली.

रेडिएटर बाहेर असतानाच ब्लॉक आणि हेडची सफाई केली, नाहीतर तिथला चुना सुटून नव्याने साफ केलेल्या नळ्यांत जाऊन बसतो. आधी बोअरचं नसलेल्या पाण्याने, वरच्या मानेतून उलटा प्रवाह, निवळ पाणी येईपर्यंत. मग जुना, टाकाऊ रेडिएटर तात्पुरता लावून आणि थर्मोस्टॅट काढून, दर लिटर पाण्याला ४० ते ५० ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवून इंजिन पंधरा-वीस मिनिटं गरम चालवलं. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, म्हणजे त्याची नळीही धुतली जाते. द्रावण लगेच सोडलं, रात्रभर ठेवायचं नाही. नंतर चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याची एक फेरी आणि पुन्हा दोन फेऱ्या स्वच्छ पाण्याच्या. संडास साफ करण्याचं ॲसिड इथे कुणी सुचवलं तर ऐकू नये, ते धातू खातं.

होज दोन्ही बदलले. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, तो मऊ पडला की जास्त आरपीएमला आत चपटा होतो आणि उभ्या गाडीत ते कधी दिसत नाही. आतली स्प्रिंग गंजून तुटलेली होती. वॉटर पंपाचा फॅनचा हब हाताने हलवून पाहिला, खेळ नाही. खालच्या बारीक छिद्रातून ओल नाही. पंप उघडला नाही. रेडिएटर मोकळा झाल्यावरही फरक २५ च्या वर राहिला असता तर पुढचा संशयित तोच, कारण वर्षानुवर्षे साध्या पाण्यावर चाललेल्या पंपाची आतली पाती झिजतात.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड, असं नसतं. कूलंटचं प्रमाण वाढत गेलं की उष्णता वाहून नेण्याची क्षमता उलट घटते. गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला ठेवून, हीटर गरमवर, कॅप उघडी, इंजिन न्यूट्रलला. थर्मोस्टॅट उघडला की तोंडातली पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरायचं. त्यानंतर थोडा ॲक्सिलरेटर दिला तर तोंडात पाणी वेगाने सरकताना दिसतं. ते दिसलं म्हणजे पंप आणि नळ्या दोन्ही कामाच्या.

परत तुळजापूर घाट, दुपारी, एसीसकट: वर ९३, खाली ८२. काटा मध्याच्या एक केस वर आणि तिथेच स्थिर. बाटलीवर मार्करने रेघ मारून दिली आहे. पहिल्या आठवड्यात पातळी बोटभर उतरणं साहजिक आहे, राहिलेली हवा निघते. त्यानंतरही उतरत राहिली तर आधी पंपाचं छिद्र, मग हीटरचे होज आणि क्लिपा, आणि मगच पुन्हा बुडबुड्यांची तपासणी. वरून भरायचं ते तयार मिसळलेलं कूलंट. त्यासाठी एक लिटरची बाटली मागच्या सीटखाली ठेवली आहे, आणि तिथे असलेला बोअरच्या पाण्याचा कॅन काढून टाकला आहे.